पायताईंचं तळघर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पायताईंची एक खोड काही गेली नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की बाकीची माणसं तोंडाकडे बघून हसतात. ताई आधी खाली बघतात. चप्पल कुठल्या बाजूला झिजलीय, टाचेला भेगा पडल्यात का, अंगठ्याचं नख मांसात रुततंय का, एवढी पाहणी झाली की मग मान वर करून विचारतात, "काय, कसं चाललंय?" हा प्रश्न सगळेच विचारतात. ताईंना मात्र त्याचं खरंखुरं उत्तर हवं असतं.

"अगं, माणसाला वर चेहरापण असतो," धाकटी बहीण चिडवते.

"असतो की. पण त्याची काळजी घ्यायला आरसे आहेत, न्हावी आहेत. पायाला कोण आहे?"

यावर बहीण विषय सोडून देते. लहानपणापासून दोघी एकाच खोलीत वाढलेल्या, त्यामुळे हे पायांचं वेड कुठून आलं ते तिलाही ठाऊक आहे.

आई-वडील दोघंही दिवसभर कामावर असायचे. दोघी बहिणींना सांभाळलं ते आत्यानं. आत्या शिवणकाम करायची. खिडकीशी तिचं पायमशीन होतं, बाजूला कापडाच्या चिंध्यांचा ढीग, आणि दुपारभर त्या मशीनची खडखड. थोरल्या मुलीचं काम सुईत दोरा ओवायचं, कारण आत्याची नजर अधू झाली होती. आत्याला मधुमेह होता. घरात म्हणायचे, "आत्याला साखर आहे." म्हणायचे असं, जणू साखर ही घरात राहायला आलेली कुणी दूरची नातेवाईक, आली आहे, राहील थोडे दिवस, तिच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. आत्या चहात चमचाभर साखर घालायची आणि वर म्हणायची, "एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

मशीन चालवताना ती चप्पल काढून ठेवायची. अनवाणी पायालाच पायडलचा अंदाज येतो, असं तिचं म्हणणं.

एका दुपारी शाळेतून आलेल्या मुलीला फरशीवर लाल ठिपके दिसले. मशीनपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून परत मशीनपर्यंत.

"आत्या, तुला काही लागलंय का?"

"मला? छे गं."

मुलीनं खाली वाकून बघितलं. आत्याच्या तळव्यात टाचणी रुतली होती, पार डोक्यापर्यंत. आत्यानं पाय कसाबसा वळवून पाहिला, तोही अशा नजरेनं, जणू शेजारणीचा पाय बघतेय. "अगंबाई! ही कधी गेली आत?" एवढंच म्हणाली. ना ओरडली, ना कळवळली. मुलीनं टाचणी उपसली तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

पुढं जखम चिघळली, पाय सुजला, काळा पडला, आणि शेवटी गुडघ्याखालून काढावा लागला. आत्या मोठी जिद्दीची. उरलेल्या पायानं मशीन चालवायला शिकली. "आता शिलाई तीच, मेहनत निम्मी," असं गिऱ्हाइकांना हसून सांगायची. पण ते हसू पूर्वीचं नव्हतं, आणि त्यानंतर ती फार काळ जगलीही नाही.

मुलीच्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली. दुखलं कसं नाही? तोवर तिला वाटायचं, न दुखणं म्हणजे सुख. न दुखणं माणसाचा पाय घेऊन जाऊ शकतं, हे तिला त्या टाचणीनं शिकवलं.

ती परिचारिका झाली. वॉर्डात काम करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पुढं शिकली, आणि रुग्णालयाच्या संशोधन विभागात रुजू झाली. इथून पुढं तिला अहोजाहो करायला हवं, कारण तिथं सगळेच करायचे. मधुमेहानं पायाला होणाऱ्या जखमा हा विषय त्यांनी मागून घेतला. फारसा कुणाला नको होता, त्यामुळे लगेच मिळालाही. खोली मिळाली ती तळघरात. तिची खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. त्यावरून त्यांचं नाव पायताई पडलं, आणि विभागातल्या थट्टेखोर डॉक्टरांनी त्याला शेपूट जोडलं: "पायताईंकडे जायचं तर पायताण काढून."

त्या तळघराला पायऱ्या होत्या. ज्यांना धड चालता येत नाही त्यांनीच त्या उतरायच्या! ताईंनी उताराच्या रस्त्यासाठी अर्ज केले, विनवण्या केल्या, भांडणं केली. शेवटी रुग्णालयाच्या कार्यालयाचे मुख्य साहेबच पाय मुरगळून तिथं आले आणि त्या पायऱ्या त्यांना बसून बसून उतराव्या लागल्या. महिन्याभरात उतार बांधून तयार.

त्या खोलीत एक उंच खुर्ची, पाय ठेवायला स्टूल, आणि ताईंची नायलॉनची बारीक तार. डोळे मिटायला सांगून ही तार तळव्यावर ठिकठिकाणी हलकेच टेकवायची. कळलं की पेशंटनं "हो" म्हणायचं. कुठली जागा बधिर झालीय ते त्यावरून समजतं. पण माणसं या परीक्षेतही पास व्हायला बघत. एक आजी डोळे घट्ट मिटून "हो, हो, हो" करत सुटल्या.

"आजी, मी अजून तार टेकवलीच नाही."

"मग टेकवा की. माझं सांगून झालंय."

ताई हसल्या खऱ्या, पण आजींचा तळवा बघितल्यावर त्यांचं हसू मावळलं. तिथं एक खडा रुतून बसला होता, आणि आजी त्याच्यावर चालत आल्या होत्या.

ताईंचा पहिला मोठा अभ्यास पत्रकाचा. पायांची काळजी कशी घ्यावी, याचं सुरेख पत्रक त्यांनी तयार केलं. रोज तळवे बघा, बूट घालण्याआधी झटका, अनवाणी फिरू नका, गोळ्या चुकवू नका. चित्रं काढून घेतली, शब्द सोपे केले. निम्म्या पेशंटांना पत्रक दिलं, निम्म्यांना नेहमीचा सल्ला. वर्षभर पाठपुरावा केला. आकडे हाती आले तेव्हा दोन्ही गटांत काडीचाही फरक नव्हता. जखमा इकडेही तेवढ्याच, तिकडेही तेवढ्याच.

ताई कागद घेऊन विभागप्रमुखांपुढं उभ्या राहिल्या. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत.

"सर, सगळं मुसळ केरात गेलं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "नाही गेलं. काय केल्यानं उपयोग होत नाही, ते कळलं. तेच लिहा, जसंच्या तसं. आणि मग बाहेर पडून बघा, का झाला नाही."

ताई बाहेर पडल्या. पायाला भिंगरी लावल्यासारख्या घरोघर फिरल्या. पत्रक बहुतेक घरांत सापडलं. एकीकडे फळीवर अंथरलेलं, एकीकडे डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. एका गृहस्थांनी तर तोंडभरून कौतुक केलं, "कागद छान जाड आहे हो तुमचा. दुसरं आहे का? खुर्चीपण डुगडुगते."

संध्याकाळी घरी आल्यावर ताई फरशीवर बसल्या आणि स्वतःचा तळवा बघू लागल्या. सहज दिसला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पोटाला उशी बांधली, आईचा जाड भिंगांचा चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघे पट्ट्यांनी आवळले आणि पुन्हा प्रयत्न केला. तोल जाऊन त्या कुशीवर पडल्या, आणि नेमकी तेव्हाच बहीण आत आली.

"हे काय चाललंय?"

"संशोधन."

"बरं. उठवू की आणखी थोडं संशोधन करणारेस?"

पण त्या पडल्या-पडल्या ताईंना जे उमगलं, ते पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरलं. ज्यांना पाय जपायचे आहेत त्यांना ते दिसतच नाहीत. पोट आड येतं, पाठ वाकत नाही, नजर पोचत नाही, आणि दुखत तर नाहीच. आत्याला कुणी कितीही पत्रकं दिली असती तरी तिला ती टाचणी दिसली नसती. दिसली ती दुसऱ्या माणसाला.

दुसऱ्या अभ्यासाला त्यांनी अट घातली. निम्म्या पेशंटांना पूर्वीसारखाच नेहमीचा सल्ला, पण बाकीच्या प्रत्येकानं घरातला एक जोडीदार आणायचा. नवरा, बायको, मुलगी, भाऊ, कुणीही. दोघांनी मिळून शिकायचं. रोज एकदा जोडीदारानं तळवे बघायचे आणि हाताची उलटी बाजू दोन्ही पायांवर ठेवून पाहायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तळघरात फोन करायचा. जखम उघडी पडण्याआधी पाय आतून तापतो, हे ताईंना ठाऊक होतं. शिवाय आता त्या "हे करू नका, ते करू नका" म्हणत नसत. "यातलं तुम्हाला काय जमेल?" असं विचारत, आणि जे जमेल तिथून सुरुवात करत.

या अभ्यासात एक दिवस ड्रिल मास्तर आले. शाळेत कवायत शिकवण्यात उभा जन्म घालवलेले, ताठ, उंच, निवृत्तीनंतरही रोज पहाटे अंगणात एकट्यानं कवायत करणारे. उजव्या अंगठ्याखाली जखम होती. मागून, चांगलं चार हातांचं अंतर राखून, मास्तरीणबाई आल्या.

"जोडीदार कोण?" ताईंनी विचारलं.

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "घरात एक मांजर आहे."

मास्तरीणबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मांजराशिवाय त्या घरात आणखी एक माणूसही राहतं, असं कुणीतरी कुणालातरी सांगा."

हळूहळू उलगडा झाला. अंगणात मास्तरीणबाईंनी हातानं लावलेलं लिंबाचं झाड होतं. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी कवायतीला जागा कमी पडते म्हणून ते तोडलं, तेही बाई माहेरी गेलेल्या असताना, न विचारता. तेव्हापासून दोघांत अबोला. जे काय बोलायचं ते मांजरामार्फत. "मने, सांग त्यांना, चहा निवतोय." "मने, चहा अगोड आहे म्हणावं." "मने, डॉक्टरांनीच अगोड सांगितलाय म्हणावं." मनी बिचारी दोन्हीकडचं निमूट ऐकायची.

थट्टेखोर डॉक्टरांनी सल्ला दिला, "ताई, ही जोडी वगळा. आकड्यांची वाट लावतील."

"घरोघरी अशीच माणसं आहेत," ताई म्हणाल्या. "वगळत बसले तर मांजरंच उरतील."

शिकवणीच्या वेळी मास्तरीणबाईंना पायावर हात ठेवायला सांगितलं. त्यांनी आधी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "ताई, विचारा त्यांना, हात लावला तर चालेल का."

ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पाय जरा पुढं केला. "लावा म्हणावं."

बाईंनी हात ठेवला. बाहेर खिडकीसमोरून एक बुटांची जोडी टॉक टॉक करत गेली. "भोवरी केवढी झालीय," बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "आणि कुणाला सांगायचंही नाही."

पायावरचा भार कमी व्हावा म्हणून मास्तरांना प्लास्टर घातलं. "चालायचं नाही," या शब्दांचा अर्थ त्यांना लागत नव्हता, म्हणून ताईंनी विचारलं, "मास्तर, बसून काय कवायत होईल?" मास्तर विचारात पडले आणि दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवरची कवायत बसवून आले, हात, मान, खांदे, तेही आकड्यांच्या तालावर. जखम भरून आली. मग मऊ तळाचे रुंद बूट मिळाले. "हे बूट आहेत की होड्या?" म्हणून मास्तर कुरकुरले, पण घालू लागले. अबोला मात्र तसाच राहिला. रोज संध्याकाळी मास्तर खुर्चीत बसत, बाई तळवे बघत, आणि मनीला सांगत, "ठीक आहे."

पुढं काही महिन्यांनी, एका सकाळी तळघरातला फोन वाजला.

"ताई, मी मास्तरीण. डावा पाय गरम लागतोय."

"लाल झालाय? जखम?"

"काही नाही. सूजही म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. पण काल संध्याकाळी गरम होता आणि आता जास्त आहे. हात खोटं सांगत नाही."

"मास्तर कुठं आहेत?"

"निघालेत. शाळेत आज क्रीडास्पर्धा आहेत, संचलनात सगळ्यात पुढं चालायला बोलावलंय. कडक गणवेश घालून फाटकापर्यंत पोचलेसुद्धा."

बधिर पायाची हाडं आतून ठिसूळ होऊ लागली असली, तर त्या पायानं मैदानावर आपटत चालणं म्हणजे स्वतःच्या पायावर खरोखरच धोंडा पाडून घेणं. "बाई, थांबवा त्यांना. एक पाऊलही टाकू देऊ नका."

"कसं थांबवू? मांजर बाहेर गेलंय!"

"बाई!"

पलीकडे फोन कशावर तरी आदळला. घाईघाईची पावलं, दार उघडल्याचा आवाज. आणि मग ताईंच्या कानावर ते आलं, जे पुढं त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. एवढी वर्षं नवऱ्याशी शब्द न बोललेल्या त्या बाईनं, असेल नसेल तो सगळा आवाज काढून, अख्खी गल्ली दणाणेल अशी आज्ञा सोडली:

"मास्तर! विश्राम!"

मग बाई परत फोनवर आल्या, धापा टाकत. "थांबले. उभे आहेत तसेच, पाय फाकवून, हात मागे बांधून. आता काय करू?"

"खुर्ची न्या फाटकापर्यंत. बसवा. आणि टॅक्सी बोलवा."

शंका खरी होती. पायाच्या मधल्या हाडांना बारीक चिरा पडायला सुरुवात झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाले, "आज हा पाय संचलनात गेला असता, तर काडीसारखा मोडला असता." पुन्हा प्लास्टर आलं, या वेळी कितीतरी महिन्यांसाठी. संचलन हुकलं म्हणून मास्तर आठवडाभर फुगून बसले होते. पण आता ते थेट बायकोवर फुगत होते आणि बायको थेट त्यांना फैलावर घेत होती. तपासणीला आली की दोघं तळघरात असं कडाकडा भांडत की बाहेर बसलेली माणसं दाराला कान लावत. लिंबाच्या झाडाचा विषय मात्र कधी कुणी काढला नाही, ना मास्तरांनी, ना बाईंनी. पाय बरा झाला. जरासा वाकडा, पण जागेवर.

अभ्यास संपला. निकाल डोळे दिपवणारा नव्हता. जोडीदार असलेल्या गटात जखमा कमी झाल्या, आणि ज्या झाल्या त्या लवकर सापडल्या. ज्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला, आणि तो ताईंनी निबंधात स्पष्ट लिहिला. निबंध छापून आला त्या दिवशी तळघरात चहा झाला, अर्थातच बिनसाखरेचा. दूरदूरच्या रुग्णालयांतून विचारणा आल्या. जोडीदाराची पद्धत हळूहळू इतकी रुळली की ती कुणी सुरू केली हे लोक विसरले. ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट एकदा प्रवासात शेजारी बसलेली तरुणी त्यांनाच समजावून सांगू लागली, "आजी, हाताची उलटी बाजू ठेवायची बरं का, सुलटी नाही," तेव्हा ताईंनी अगदी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा करून मान डोलावली.

मास्तर गेले ते पुष्कळ वर्षांनी, हृदयाच्या दुखण्यानं. भेटायला गेलेल्या ताईंना मास्तरीणबाईंनी दारातच सांगितलं, "दोन्ही पाय शाबूत होते हो, अगदी शेवटपर्यंत." मग ताईंचा हात धरून त्यांना आत नेलं.

आता पायांचा विभाग नव्या इमारतीत गेलाय. लिफ्ट आहे, काचेची दारं आहेत, बसायला गुबगुबीत खुर्च्या आहेत. ताईंच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. एकट्या राहणाऱ्या माणसांनी तळव्याचे फोटो फोनवरून पाठवावेत, अशी सोय ती करते आहे. ताईंचा अडलेला प्रश्न तिनं पुढं नेलाय, याचं ताईंना मनापासून कौतुक आहे. तळघरात आता जुने पलंग आणि मोडकी कपाटं भरून ठेवलीत. त्या रस्त्यानं जाताना ताईंची पावलं तिथं जराशी रेंगाळतात. आत बसून एवढी वर्षं त्यांनी बाहेरचे पाय पाहिले. आता बाहेरून वाकून आत बघितलं तर काचेवरच्या धुळीशिवाय काही दिसत नाही.

रविवारी दुपारी त्या मास्तरीणबाईंकडे जातात. दोघी अंगणात टेबल टाकून पत्ते खेळतात. मनीची नात की पणती असलेलं एक मांजर टेबलाखाली झोपलेलं असतं. मास्तरीणबाई पत्त्यांत सर्रास चोरी करतात आणि पकडल्या गेल्या की कानावर हात ठेवतात. ताई रागावून पानं खाली टाकतात, "पुन्हा म्हणून येणार नाही तुमच्याकडे!"

"येऊ नका," बाई पत्ते पिसत म्हणतात. "चहा ठेवू का?"

"ठेवा," ताई म्हणतात, आणि पुढचा डाव वाटला जातो.